पेन्चोची दहा मिनिटं

पेन्चो हा माझा थोरला भाऊ. वय सदुसष्ट. त्याच्याशी बोलताना लोकांना वाटतं, हा माणूस आत्ताच झोपेतून उठून आलाय. तसं काही नाही. तो झोपलेलाच नसतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती त्याच्या घरी अंथरुणाला खिळली. आता ती ब्याण्णव वर्षांची आहे. डोकं कधी ठिकाणावर असतं, कधी नसतं, गळा मात्र शाबूत आहे. दर पंधरा मिनिटांनी "पेन्चोऽ" अशी हाक येते. पाणी हवं, उशी टोचते, खिडकीत कोण उभं आहे, बाबा कामावरून आले का. बाबांना जाऊन एकतीस वर्षं झाली. पेन्चो दर वेळी उठतो आणि सांगतो, "येतायत, आई. वाटेत आहेत."

पेन्चोची बायको मिल्का अकरा वर्षांपूर्वी इटलीत गेली, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला, आणि तिकडचीच झाली. नाताळात फोन करते. मी बुधवारी आणि रविवारी जाते. कपडे धुते, घरून भाजून आणलेली चीजची बानित्सा गरम करते, आणि "दादा, जरा झोपत जा रे" असं सांगून शेवटच्या बसने घरी येते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आईजवळ बसायला गेले तर आई माझ्याकडे अशी बघते, जणू शेजारीण पीठ मागायला आलीय. म्हणते, "बरं झालं आलीस. आता पेन्चोला बोलाव."

त्याला शौक एकच, गाणं ऐकण्याचा. पिण्याचा नाही, मासे धरण्याचा नाही. सोळा वर्षं त्याने इथल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळली आणि घरी येऊन रेकॉर्डी लावल्या. त्याचा ॲम्प्लिफायर गेनादीने बांधलेला. हा गेनादी म्हणजे त्याच कारखान्यातला तपासणी विभागाचा साहेब, पेन्चोपेक्षा सात वर्षांनी मोठा. कारखाना बंद पडत होता त्या हिवाळ्यात दोघांनी मिळून तो बनवला. वेटोळी पेन्चोची, बाकी सगळं गेनादीचं. जुन्या रेडिओत असत तसे काचेचे आठ व्हॉल्व्ह, लोखंडी बूड, वजन सत्तावीस किलो. वजन मला पाठ आहे, कारण त्यांच्या रेकॉर्डप्रेमींच्या मंडळात ॲम्प्लिफायर ऐकण्याआधी तो तराजूवर ठेवायची रीत होती. "लोखंड जेवढं, आवाज तेवढा," असं गेनादी म्हणायचा. वीस किलोच्या खालचं काही असलं तर ते लोक वाजवूनसुद्धा बघत नसत. मंडळात पाच जण होते. तिघे गेले. उरले हे दोघे, आणि दर रविवारी चार वाजता गेनादी चार मजले चढून पेन्चोकडे येतो. दुसरं कोणी येत नाही. मी येते, पण बहीण म्हणजे काही पाहुणा नव्हे.

आता त्या सत्तावीस किलोचं दुखणं सांगते. तो चालू केला की वीस मिनिटं तापायला लागतात. त्याआधी सुई टेकवायची नाही, हा गेनादीचा नियम. सारखा चालू-बंद करायचा नाही, व्हॉल्व्ह मरतात, हा दुसरा नियम. आणि तापला की खोलीत भट्टी. मग आई आतून ओरडते, "चूल कोणी पेटती ठेवली? बंद करा, सरपण फुकट येतं का?" थोडक्यात, तो तापेपर्यंत एक हाक झालेली असते आणि पहिलं गाणं संपेपर्यंत दुसरी. आठवडाभर पेन्चो त्याला हातच लावत नसे. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

दीड वर्षापूर्वी, नोव्हेंबरातल्या एका बुधवारी मी गेले, तर दारातच गाणं ऐकू आलं. डोंगरातल्या बायका गळा मोकळा करून गात होत्या. पेन्चो खिडकीशी उभा. खांद्यावर आईचा टॉवेल, हातात रिकामं भांडं. मी काही बोलणार तर त्याने बोट वर केलं. गाणं संपलं, मग त्याने बोट खाली केलं.

"हे बघ," म्हणाला. रेकॉर्डींच्या चळतीशेजारी एक काळी डबी होती, आपल्या मिरची-टोमॅटोच्या लुतेनित्साच्या बरणीपेक्षाही लहान. पुढे एक गोल बटण, मागे तारा. "डिजिटल ॲम्प्लिफायर. ऐंशी लेव्हांना, एका जोड बुटांच्या भावात. फोनवरून मागवला."

"ऐंशी लेव्हा? दादा, मोठा आहे की तुझ्याकडे."

"आहे." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. पेन्चो हल्ली पूर्ण बसतच नाही, टेकतो. "रेकॉर्ड प्लेयर तोच, स्पीकर तेच, मधली फक्त ही डबी. बटण फिरवलं की एका सेकंदात गाणं. आई झोपली की फिरवतो. हाक आली की बंद. दहा मिनिटं मिळतात, कधी बारा. दिवसातून चार वेळा मिळतात, दोन्का."

"आणि आवाज?"

"खोटं कशाला बोलू? मोठ्यात खालचे सूर जास्त गोल येतात. पण यात बायांचा श्वास ऐकू येतो. आणि गरम होत नाही, गुरगुरत नाही, रागावत नाही." तो थोडा हसला. "हा बोलावल्याबरोबर येतो गं."

आतून हाक आली आणि तो उठून गेला. जाताना त्याने बटण फिरवलं, अगदी हळू, दिवा मालवल्यासारखं. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं त्या दिवशी मी त्याला चिडवलं, पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या हिवाळ्यात त्याचा चेहरा जरा माणसात आला. एखाद्या बुधवारी तो मला सांगायचा, आज सकाळी काय ऐकलं, काल दुपारी काय. अमुक गाण्याचा शेवट तीन दिवस ऐकायचा राहिला होता, तो मंगळवारी सापडला. आई आजारी पडल्यापासून तो एवढं कधी बोलला नव्हता.

अडचण एकच होती, गेनादी. ज्या माणसाने हाताने बांधून दिलं, त्याला कसं सांगणार, की तुझं आता मला झेपत नाही? म्हणून दर रविवारी तीन वाजता पेन्चो गुडघ्यांवर बसायचा, डबीच्या तारा काढायचा, मोठ्याला जोडायचा, डबी रेकॉर्डींमागे लपवायचा. गुडघे गेलेत त्याचे. उठताना कपाटाला धरून उठायचा. मग चारला गेनादी यायचा, ओव्हरकोटासकट खुर्चीत बसायचा, डोळे मिटायचा आणि दोन तास आपल्या ॲम्प्लिफायरचं गाणं ऐकायचा. पेन्चोची आतबाहेर चालूच.

"सांगून टाक ना," मी म्हणायचे.

"आणि तो यायचा थांबला तर?" पेन्चो म्हणायचा.

असं एक वर्षाच्यावर चाललं. मग मार्चमधल्या एका रविवारी आईला पहाटेपासून ताप होता. मी तीनला पोचले तेव्हा पेन्चो तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होता. मध्ये तिचा डोळा लागला, तो बाहेर आला, सवयीने बटण फिरवलं, रेकॉर्ड लावली. दोन मिनिटांत परत हाक. रेकॉर्ड तशीच फिरत ठेवून तो आत धावला, आणि तेवढ्यात घंटी वाजली. गेनादी. बस लवकर मिळाली म्हणे.

मी दार उघडलं तेव्हा लक्षात आलं, तारा बदलायच्या राहिल्यात. गेनादी आत आला, टोपी मांडीवर घेऊन बसला, डोळे मिटले. समोर स्टुलावर त्याचा ॲम्प्लिफायर, बंद. पण खिडकीतून ऊन येत होतं आणि व्हॉल्व्हच्या काचा उन्हात पेटल्यासारख्या दिसत होत्या. गेनादीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.

"दोन्का," जरा वेळाने तो म्हणाला, "ऐकतेयस? बत्तीस वर्षांत हा आज पहिल्यांदा असा मोकळा झालाय. त्या बाईचा श्वास ऐकू येतोय बघ."

"हो ना, गेनादीभाऊ," मी म्हणाले. मला वाटलं, आहे ते बरं आहे, गप्प बसावं.

पेन्चो दारात आला. बाह्या ओल्या, हातात पाण्याचं भांडं.

"अरे, काय केलंस याला?" गेनादी म्हणाला. "सोन्यासारखा वाजतोय."

मी पेन्चोला डोळ्यांनी खुणावलं. त्याने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि खोटं बोलायला अंगात त्राण नव्हतं. "तो बंद आहे, गेनादी," तो म्हणाला. भांडं खाली ठेवून त्याने चळत सरकवली. "हा वाजतोय."

गेनादी उठला. त्याने आपल्या ॲम्प्लिफायरच्या लोखंडावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. थंडगार असणार.

"कधीपासून?"

"मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरपासून."

"आणि रविवारी?"

"रविवारी तारा बदलतो. तू यायच्या आधी."

"त्या गुडघ्यांनी?"

"दुसरे आहेत का माझ्याकडे?"

आईने हाक मारली. पेन्चो आत गेला. गेनादीने टोपी घातली, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कॉफी राहू दे," आणि गेला. चार मजले उतरताना त्याच्या काठीचा आवाज खालपर्यंत येत होता.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईचा ताप उतरला होता, कपडे, गोळ्या, सूप, सगळं नेहमीसारखं. पण चार वाजले की पेन्चो खिडकीशी जाऊन बसथांब्याकडे बघायचा. आणि डबीवर धूळ बसली होती. बोट फिरवून मी त्याला दाखवलं.

"वाजवत का नाहीस?"

"कंटाळा आला," म्हणाला. "आणि ऐकून सांगायचं कोणाला?"

तिसऱ्या रविवारनंतर मात्र माझं डोकं फिरलं. सोमवारी सकाळी मी नदीपलीकडे गेनादीच्या घरी गेले, बसून घेण्याआधीच सुरुवात केली. "एका डबीवरून रुसलात, गेनादीभाऊ? चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात की चार? एकच माणूस यायचा त्याच्याकडे. तुम्ही. तुमचं लोखंड दुखावलं म्हणून तोही बंद?"

तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "लोखंडाचं काय घेऊन बसलीस. चांगली वाजते ती डबी. माझे कान अजून शाबूत आहेत." मग टेबलावरच्या पावाच्या भुग्याचा ढीग करत बसला. "मी चार वर्षं दर रविवारी त्याच्या घरी जातोय. डोळे मिटून ऐकतोय. तो खोलीत नसायचाच, दोन्का. दोन तासांत पंधरा मिनिटं बसत नसेल. आणि मला पत्ता नाही. मी माझंच बांधलेलं ऐकत होतो. तो गुडघ्यांवर बसून माझ्यासाठी तारा जोडत होता. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

मी भांडायला गेले होते, आणि खाली मान घालून बसले. कारण तो जे बोलला ते माझंही होतं. बानित्सा ठेवायची, झोपत जा म्हणायचं आणि बस पकडायची. मला लाज वाटली, फार.

"आहे त्याच तोंडाने या," मी म्हणाले. "या वयात दुसरं कुठून आणणार?"

रविवारी चारला घंटी वाजली. गेनादी ओव्हरकोट काढून, खुंटीला लावून, सरळ आईच्या खोलीत गेला. खिशातून पत्त्यांचा कॅट काढला.

"कोण ते?" आई म्हणाली.

"वीज मंडळाचा माणूस, मावशी."

आईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मीटर बाहेर आहे. पण आलाच आहात तर बसा. आकडा जरा बघून लिहा."

"एक डाव खेळू. तुम्ही जिंकलात तर आकडा कमी लिहितो."

आई उशीला टेकून नीट बसली. पेन्चो दारात उभा होता, हात पुसत. गेनादी मागे न बघता म्हणाला, "तू जा तिकडे. डबी लाव. एक बाजू पूर्ण ऐक. आम्हाला काम आहे."

पेन्चोने रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली, बटण फिरवलं. खुर्चीत बसला, या वेळी मागे रेलून. पहिल्या गाण्याला त्याची बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात मान कलली, तोंड उघडलं, आणि तो घोरायला लागला. बाजू संपली तेव्हा मी सुई उचलली. तो हलला नाही. मी तिथेच बसून राहिले. माझी बस गेली, तर गेली.

साडेपाचला तो दचकून उठला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, उठायच्या तयारीत, कान आतल्या खोलीकडे. आतून आवाज येत होता, "मावशी, हा एक्का मघाशीच गेला होता," आणि आईचा, "गेला होता, परत आला. तुम्ही आकडा लिहा."

"तिने हाक मारली का?" पेन्चोने मला विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"नाही रे."

तो तसाच बसला, अर्धा उठलेला. मग हळूहळू मागे टेकला. त्याचे डोळे भरून आले होते, पुसायचं त्याला सुचलं नाही.

"दुसरी बाजू लाव की," मी म्हणाले.

"तू लाव, दोन्का," तो म्हणाला. "आज मला कोणी ऊठ म्हणू नका."

मी उठले आणि रेकॉर्ड उलटी केली.