फोनवरची अटक

नोकरीत मी बंद दारं पुष्कळ वाजवली, पण नेपियर टाउनमधलं ते एक दार अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी तेव्हा जबलपूरच्या एका ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाणेप्रमुख होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एक बाई आत आल्या. त्यांच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहत. "साहेब, मॅडम कालपासून दार उघडत नाहीत. आतून कोणाला तरी 'जी सर, जी सर' करून राहिल्या. माझ्याकडून चार्जर घेतला, तोही खिडकीतून."

एवढं पुरेसं होतं. रोजनाम्यात नोंद केली, महिला शिपाई सोबत घेतली आणि निघालो.

दार वाजवलं. आतून मॅडमचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. त्या फोनला विचारत होत्या, "सर, बाहर पुलिस आई है. दरवाज़ा खोलूँ?"

स्पीकरवरचा आवाज शांत, जवळजवळ मायेचा. "बिल्कुल नहीं, मैडम. वो लोग गैंग से मिले हुए हैं. मैं आपको बचा रहा हूँ."

खरा पोलीस दारात उभा होता, आणि ही बाई फोनमधल्या अनोळखी माणसाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकत नव्हती. दार तोडता आलं असतं. पण मग त्याचंच म्हणणं खरं ठरलं असतं.

मी पायरीवर बसलो आणि मॅडमच्या घरच्या भाषेत, मराठीत, बोलू लागलो. "मॅडम, जेवलात का?"

आतून उत्तर आलं. "ते सरही विचारतात. गोळी घेतली का, तेही विचारतात."

"मग त्यांना माझा एक प्रश्न विचारा. बाईला अटक करायची तर महिला पोलीस लागते. माझ्यासोबत आहे. त्यांच्यासोबत आहे का?"

मग शाळेच्या वर्गात शोभेल अशा आवाजात त्यांनी तो प्रश्न फोनला विचारला. पलीकडचा माणूस पहिल्यांदाच ओरडला. मॅडमनी कडी काढली.

त्यांच्या नावानं अमली पदार्थांचं पार्सल सापडलंय, चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, असं नकली वर्दीतल्या माणसानं व्हिडिओ कॉलवर बजावलं होतं. थोडी रक्कम आधीच गेली होती. उरलेली ठेव त्या दुपारी मोडायची होती, ती वाचली.

पैसे ज्या खात्यांत गेले त्यांचा माग काढत काही महिन्यांनी आम्ही त्या आवाजापर्यंत पोचलो. चाळिशीचा, चष्मेवाला, एकेकाळी कोचिंग क्लासमध्ये नोकरीला असलेला माणूस. चौकशीत मला आवाज चढवावा लागला नाही. "लोगों को डराते कैसे हो?" एवढंच विचारलं.

"डराता कोई और था, साहब. मैं तसल्ली देता था." पुढे म्हणाला, "बेईमान आदमी वकील ढूँढता है. ईमानदार सफाई देने बैठ जाता है. हमें वही चाहिए."

मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "सर, आप पर आँच नहीं आने दूँगा."

आरोपी तो, खुर्ची माझी, ठाणं माझं. तरी क्षणभर मला हायसं वाटलं. कशाबद्दल, ते आजही सांगता येत नाही.

लोभापायी फसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. या बाईंना लोभ नव्हता. त्यांच्याकडे आयुष्यात कोणी बोट दाखवलं नव्हतं, आणि एकदा दाखवलेलं ते बोट खाली यावं म्हणून त्या सगळं द्यायला तयार झाल्या. माणसाचा स्वच्छपणा इतका कामाला लावता येतो, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

अटकेची बातमी द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. तो काय म्हणाला तेही सांगितलं.

"म्हणजे मी पोलिसांवर विश्वास ठेवला, म्हणून फसले."

"हो, मॅडम."

"मग आता काहून ठेवू?"

"लगेच ठेवूच नका," मी म्हणालो. "आधी ओळखपत्र मागा. ठाण्यात फोन करून खात्री करा. माझ्याबद्दलसुद्धा."

त्यांनी चष्मा लावला आणि हात पुढे केला. "दाखवा."

मी दिलं. त्यांनी एकेक ओळ वाचली, फोटो माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिला, आणि मगच चहाचं आधण ठेवायला उठल्या.