गुलाबी खडूची सरळ रेघ

१८ ऑक्टोबर. काम : दिवाळीआधी बैठकीतली जाळी काढणे. जाळी राहिली, मी सुनेचं चित्र दुरुस्त केलं.

आधी माझी लायकी सांगते. प्रताप नगरात मी ब्लाउज शिवते आणि कापड नुसत्या नजरेनं कापते. गळ्यातला टेप शोभेचा!

चित्र म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या ओळी, एकाआड एक ओळ जराशी सरकलेली, मध्ये करड्या आडव्या रेघा. दुसऱ्या दिवशी ते प्रदर्शनात जायचं होतं, पल्लवीचं पहिलंच. आणि रेघा? एका टोकाला फाकलेल्या, दुसऱ्या टोकाला चिमटलेल्या! पोरीचं चारचौघांत हसं होणार. (सासूचं आधी!)

फ्रेम हलवली. खिळा उपटून पुन्हा ठोकला. मूठभर प्लास्टर खाली, रेघा तशाच!

आवाजानं शेजारच्या लताताई आल्या.

"काय ठोकून राहिली वं?"

"ह्या रेघा पाहा, कशा वाकड्या गेल्या!"

त्यांनी एक डोळा मिटला. "दिसते तं वाकड्याच. पट्टी लावून पाह्य ना."

"मले काहून पट्टी लागते?"

(लताताईंची कायमची तक्रार : डावी बाही आखूड. माझं कायमचं उत्तर : तुमचा खांदाच वाकडा.)

मग मी शिवणाचा गुलाबी खडू घेतला आणि चित्रावर झोकात सरळ रेघ ओढली. चूक नेमकी कुठं, ते सुनेला कळावं म्हणून!

"आई! काय करून राहिल्या तुम्ही?" पल्लवी दारात.

"तुझी चूक दाखवून राहिली. घाबरू नको, प्रदर्शन उद्या आहे."

माझ्याच मशीनवरची पट्टी आणून तिनं चित्रावर ठेवली. करडी रेघ पट्टीला चिकटून सरळ. दुसरी सरळ. तिसरीही. गुलाबी तेवढी खाली घसरलेली!

"चौकोन सरकवले की डोळे फसतात, आई. तेच तर चित्र आहे."

"म्हणजे मले वाकडं दिसलं, ते..."

"बरोबरच दिसलं. फक्त खडू नव्हता घ्यायचा."

ती ओल्या फडक्यानं माझी रेघ पुसत बसली. (निघाली, नशीब!) मी मान खाली घालून प्लास्टर झाडलं. लताताई मात्र हलेनात. "पट्टी निघालीच आहे, तं माझी बाही पाह्यतं का वं?"

मला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र प्रदर्शनाला गेलं. मी आतून कडी लावली, लताताईंचा शिवून ठेवलेला ब्लाउज पसरला आणि गळ्यातला टेप कामाला लावला. मग मुकाट्यानं डावी बाही उसवली.

लताताईंचा खांदा अगदी सरळ आहे.