सुटलेल्या आबांचा पलंग

गेल्या महिन्यात जळगावच्या आमच्या घरात पलंगावरून रामायण झालं... साधा नाही, हॉस्पिटलचा पलंग.

माझ्या सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घरी पाठ वर उचलता येईल असा पलंग घ्या, आणि त्यांना नुसतं पडून राहू देऊ नका... छातीत कफ धरला तर अवघड होईल.

आमचं रो-हाउस म्हणजे काडेपेटी. मागच्या खोलीत मोठा पलंग मावला असता, पण तिथे अक्कांना अडगळीत टाकल्यासारखं वाटलं असतं. त्यांना हॉलमध्ये, दारासमोरच ठेवायचं होतं, म्हणून आटोपशीर, कॉम्पॅक्ट पलंग हवा होता.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, आरामात बसेल." जो माणूस माझं घर न बघता एवढी खात्री देतो, त्याच्याकडून मी सुईसुद्धा घेत नाही. हो, आहे मी संशयी... नवरा म्हणतो, तुला देवाने प्रसाद दिला तरी तू आधी वास घेशील.

मग व्हॉट्सॅपवर धुळ्याची एक जाहिरात आली. कॉम्पॅक्ट पलंग, ऑपरेशननंतर तीनच महिने वापरलेला. माप अगदी जुळत होतं आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली... तीनच महिने? मग पेशंटचं काय झालं?

हे थेट कसं विचारणार! फोनवर त्या घरची सून होती. मी आडून विचारलं, "पेशंट आता कसे आहेत?" ती म्हणाली, "आबा ना? सुटले हो एकदाचे!"

आपल्याकडे 'सुटले' म्हणजे काय, ते मी सांगायला नको. मी "अरेरे..." म्हटलं, तर ती म्हणते, "अरेरे काय ताई, आम्हीपण सुटलो!" आणि चक्क हसली. फोन ठेवून मी नवऱ्याला म्हटलं, अशा बाईच्या घरचं मी पाणीसुद्धा पिणार नाही.

पण डिस्चार्ज जवळ आला होता आणि या मापाचा दुसरा पलंग मिळत नव्हता. मला धास्ती अक्कांची होती. घरात हॉस्पिटलची खाट आली की माणूस उठत नाही, हे त्यांच्या मनाने आधीच घेतलेलं. त्यात ती कोणी गेलेल्याची निघाली, तर त्या पाठसुद्धा टेकणार नाहीत...

तरी गेलो धुळ्याला. आत शिरताच मी भिंती बघितल्या. हार घातलेला फोटो कुठेच नाही. सासऱ्यांचा साधा फोटोही लावला नाही हिने!

मी पलंग तपासायला घेतला. कठडे वर-खाली केले, चाकांचे ब्रेक दाबले, गादी उलटून वास घेतला. नवऱ्याला झोपवलं आणि पायाशी असलेलं हँडल फिरवून त्याला उठवून बसवलं. तेवढ्यात काठी टेकत, हातात दुधाची पिशवी घेऊन एक म्हातारे गृहस्थ आत आले. "आबा, पलंगवाले आलेत," सून म्हणाली.

सुटले म्हणजे पलंगातून सुटले होते! तरी माझा स्वभाव... मी विचारलंच, "ऑपरेशन तुमचंच झालं होतं ना?" आबा अहिराणीत म्हणाले, "मंग काय शेजारीनं?" म्हणजे शेजाऱ्याचं का!

पलंग घेतला, त्या घरचा चहाही घेतला. अक्का घरी आल्या. पलंग बघून त्यांचा पहिला प्रश्न, "कोन मरी गयं व ह्या खाटवर?"

मी सगळं सांगितलं. "माले बनाडी ऱ्हायनी का?" म्हणाल्या, म्हणजे मलाच बनवतेस का. आबांना फोन लावून दिला, तर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, फोनवर कोनी बी बोलस. सासू संशयात माझ्या वरताण निघाली.

दुसरी जागा नव्हती म्हणून त्या पलंगावर झोपल्या, पण भिंतीकडे तोंड करून. फिजिओथेरपिस्ट रोज यायचा, त्या पाय खाली सोडायच्या नाहीत. रात्री खोकला वाढला तशी मी घाबरले. अक्कांनी मनातून आशाच सोडलीय हे कळत होतं, आणि मला काहीच करता येत नव्हतं.

मध्ये पलंगाचं हँडल अडकलं म्हणून धुळ्याला फोन केला. आबांनी अक्कांची चौकशी केली आणि मला रडूच आलं... त्या उठतच नाहीत, सगळं सांगून टाकलं.

परवा दुपारी दाराची बेल वाजली. दारात आबा! नात्यात साखरपुडा होता म्हणून जळगावला आले होते, एसटीने, आणि तिकडे जायच्या आधी पत्ता विचारत आमच्याकडे. दारातूनच म्हणाले, "अक्का, पाही ल्या. मी जित्ता शे."

अक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "चाली दखाडा."

आबांनी काठी भिंतीला टेकवली. दारापासून किचनच्या ओट्यापर्यंत गेले आणि परत आले, जरा लंगडत, पण कशालाही हात न लावता. मग पलंगाशी थांबून म्हणाले, "खाट चांगली शे, अक्का. पन तिनावर जीव नका लावा."

अक्का बराच वेळ त्यांच्या पायांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे हात पुढे केला... "माले उठाड."

उभ्या राहिल्या. माझा खांदा धरून, थरथरत, पण राहिल्या. मी आणि नवरा दोघंही रडत होतो आणि आबा साखरपुड्याला उशीर होतो म्हणून चपला शोधत होते.

ज्या माणसाला मी न बघताच मारून टाकलं होतं, तो माझ्या घरात येऊन माझ्या अक्कांना उठवून गेला. आबा, तुम्हाला 'औक्षवंत व्हा' म्हणण्याइतकी मी मोठी नाही... म्हणून इथूनच पाया पडते.