सोंगलेल्या वावराची राखण

पुंजाजी राखणदाराची गोफण पिंपळगाव राजाच्या शिवारात आवाजावरून ओळखू यायची. आधी लांब शीळ, मग फार उशिरा वाटावा असा फटका. कणसावरचा पोपट पडावा आणि कणीस हलू नये, असा त्याचा हात. जमीन त्याची नव्हती. रंगराव पाटलांच्या वावरात चार मेढींवर बांधलेला माळा, एवढंच त्याचं. बायको शालूबाई दुपारी भाकर घेऊन जायची. तो वरून दोर सोडायचा, गाठोडं वर जायचं. फार बोलणं कधीच नव्हतं.

हायब्रीड ज्वारी नवी आली त्या साली तो तापाने घरी पडला आणि तेवढ्यात वावरात गुरं शिरली. रंगरावांनी तुडवलेली कणसं पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ.

पुढच्या साली पुंजाजीने दाणा जाऊ दिला नाही. दिवाळीनंतर ज्वारीची कापणी, सोंगणी झाली, कडबा गेला, बाया सरव्याची राहिलेली कणसं वेचून गेल्या. तो खाली उतरला नाही.

"अवो, वावर रिकामं झालं," शालूबाई खालून म्हणाली.

"गुरं येतीन," तो वरून म्हणाला.

मग नुसती धसकटं उरली आणि त्यांच्यावर गोफणीतले दगड, गुंडे पडू लागले. शीळ यायची, फटका यायचा, मध्ये कोणी नसायचं. पाखरांनी त्या वावरावरून उडणं सोडलं. माणसांनी पायवाट बाजूला सरकवली. रंगरावांनी दोनदा निरोप धाडला, तिसऱ्यांदा न्यायला कोणी तयार झालं नाही.

घरी भुरी मांजरीचं वेगळंच चाललं होतं. भूक लागली की ती ताटाशी धावत यायची, एक घास तोंडात घ्यायची आणि किंचाळून मागे उडी मारायची. मग कोपऱ्यातून ताटाकडे बघत फिसकारायची. तोंडातून लाळ गळायची, लाळेत रक्ताची तार असायची.

"तिले ताटात कोनी दिसते, बाई," शेजारची सत्यभामाबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "आन् तुह्या मानसाले वावरात. एकच असंन ते."

"तुले दिसते का?"

"मले काऊन दिसीन? मी जेवतो न् झोपतो."

शालूबाई हसली. पण त्या दिवसापासून भुरीचं ताट ती रोज पुसून पाहू लागली.

आणि एका दुपारी शीळ तिच्याकडेच आली. गुंडा पायाशी फुटला, माती तोंडावर उडाली.

"कोन हाये बे? निंघ वावरातून!"

"मी आहो! शालू! भाकर आनली!"

माळ्यावर गोफण फिरतच होती. दुसरा गुंडा कानाजवळून गेला. गाठोडं धसकटात ठेवून ती मागे फिरली. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. भाकर तर रोज न्यायची होती, आणि त्याचा हात चुकणारा नव्हता.

मांजरीचं तरी काही करावं म्हणून तिने भुरीला दुरडीत घालून नांदुऱ्याची बस धरली.

"मावशी, हिचं हाफ का फुल?" कंडक्टर म्हणाला.

"हाफच दे. खात नाही ते काही."

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भुरीचा जबडा उघडला. हिरड्यांपासून घशापर्यंत सगळं लाल, सोलल्यासारखं.

"काय बसलं हो तिच्या तोंडात?"

"बाहेरचं कोणी नाही, बाई. दातांवर जंतू बसतात, सगळ्यांच्याच. त्यांना हाकलायला रक्तातून राखणदार येतात. काम झालं की ते थांबायला हवेत. हिचे थांबत नाहीत. एकामागून एक येतात, हिरडीत दाटी करतात आणि मारत सुटतात. जंतू थोडेच असतात. ही जखम राखणदारांनी केली आहे."

शालूबाईने पदर तोंडाशी धरला. "त्याइले सांगता येत नाही का, का वावर सोंगलं म्हनून?"

डॉक्टर हसले. तिचा चेहरा पाहून थांबले. "ऐकत नाहीत ते. सुईने काही दिवस निजतात, पुन्हा उठतात. सगळे दात काढून पाहतो. ज्यावर ते उभे आहेत तेच काढायचं."

"मंग शांत होतात?"

"बरेच. सगळे नाही."

दात काढले. काही आठवड्यांनी भुरी ताटाशी आली, थबकली, कान मागे केले आणि दुधातली भाकर खाऊ लागली. ते पाहून शालूबाई उठली आणि भाकरीच्या गाठोड्याबरोबर तिने कुऱ्हाडही घेतली.

वावरात शिरताना गुंडे आलेच. एक खांद्याला लागला. ती थांबली नाही. माळ्याच्या बरोबर खाली गोफणीचा गुंडा पोचत नाही, हे एवढ्या वर्षांत तिला ठाऊक झालं होतं. तिथे उभी राहून तिने पहिल्या मेढीवर घाव घातला.

वर हालचाल थांबली. मग पुंजाजीचा आवाज आला, हळू, किती दिवसांनी मायेचा.

"शालू, इकडं येऊ नको व. माळ्याखाली कोनी हाये."

"मीच आहो."

"तू तं घरी हायस."

 क्षणभर तिला वाटलं, खरंच आपण घरी आहोत, चुलीपाशी बसलोय. मग इथे हे कोण? तिने डोळे मिटले आणि घाव घालत राहिली. मेढ कडकडली, माळा कलंडला, पुंजाजी कडब्याच्या पेंढीसारखा घसरत खाली आला.

तो धसकटात बसून राहिला. एका बुडख्याला हात लावून पाहिला.

"हे कवा सोंगलं?"

"दिवाळी झाल्यावर."

"मले काऊन नाही सांगतलं?"

 शालूबाईने गाठोडं सोडून त्याच्यापुढे ठेवलं.

आता तो घरी असतो. भुरी जेवते, तोही जेवतो. बसल्या बसल्या त्याचं उजवं मनगट गोल फिरतं, म्हणून शालूबाई डावीकडून वाढते. गोफण आढ्याला टांगली आहे. तरी कधीकधी भर दुपारी अंगणात शीळ येते. भुरी ताटातून मान वर करते. शालूबाई भाकर हातात धरून उभी राहते, "मी आहो" म्हणते, आणि पुंजाजीची मान होकारात हलली की मगच पुढे होते.