साखरपुड्याची दोनशे वीस ताटं

गेल्या एप्रिलचा शेवटचा रविवार, मुलीचा साखरपुडा, पेणचा एक हॉल. दोनशे वीस ताटं, दर दोनशे ऐंशी, एकूण एकसष्ट हजार सहाशे. पैकी वीस हजार आगाऊ. हे ठरलं तेव्हा मी, बायको, गडबला राहणारा माझा थोरला भाऊ आणि केटरर असे चौघे हजर होतो. माणसं थोडी वाढली तर, असं मी विचारलं. केटरर म्हणाला, "ॲडजस्ट करू."

या शब्दाचा इंग्रजीतला अर्थ शब्दकोशात असेल. आमच्याकडे तो बोलणाऱ्याचं तोंड बघून लावावा लागतो. हॉलवाला म्हणाला, म्हणजे एसी चालणार नाही. शिंपी म्हणाला, म्हणजे ब्लाउज बिघडलाय. मुलगा रोह्याजवळच्या अष्टमीचा. बघायच्या दिवशी त्याची आत्या म्हणाली, "आम्हाला ॲडजस्ट करणारी मुलगी पाहिजे." म्हणजे नोकरी, स्वयंपाक आणि धुणं, तिन्ही एकटीने.

मुलगी हसून म्हणाली, "मलाही तसाच मुलगा हवाय, आत्या."

मुलगा लाजला. आत्या लाजली नाही. तेव्हापासून ती आमच्यात खोट शोधत होती, त्यामुळे साखरपुड्यात काही कमी पडू नये, एवढीच माझी धडपड.

म्हणूनच दादाला बजावलं होतं की गावात घरटी एक माणूस सांग. दादाने चूलबंद आमंत्रण दिलं, म्हणजे त्या दिवशी कुणी चूल पेटवायची नाही, सगळ्या घराने जेवायला यायचं. साडेबाराला टेम्पो भरभरून आळी उतरली. अष्टमीकर अजून वाटेतच.

"दादा, घरटी एक म्हटलं होतं ना?"

"घरटी एक तेराव्याला सांगतात, साखरपुड्याला नाय. पेणात राहून नुसता हिशेब शिकलास."

"ताटं दोनशे वीसच आहेत."

"मग कर ॲडजस्ट." दादाच्या तोंडी अर्थ: तूच निस्तर.

केटररने ॲडजस्ट केलं ते डाळीत पाणी ओतून. अष्टमीकर पोहोचले तेव्हा भाताच्या टोपाचा तळ दिसत होता. आत्याने आधी टोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात वहिनी मागच्या दाराने आली.

"भावजी, घाम पुसा. तुमचे दादा किती जणांना सांगून आलेत ते मला ठाव हाय. दोन टोप भात टेम्पोत हाय."

"अगं, पण चूलबंद ना?"

"त्यांची बंद. माझी कुठं?"

भात आमच्याच शेतातला. अष्टमीकर पोटभर जेवले. आत्याने दोनदा भात वाढून घेतला आणि डाळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिला ॲडजस्ट करता येतं हे तेव्हा कळलं.

जेवणं उरकल्यावर केटरर आला. "साहेब, शंभर ताटं जास्त झाली. अठ्ठावीस हजार."

वहिनी म्हणाली, "भात आमचा, टोप आमचे, डाळीतलं पाणी नगरपालिकेचं. तुझं काय रे त्यात?"

"भाजी, पापड, भांडी घासणाऱ्या बायका..."

हे मात्र खरं होतं. बसून आकडा काढला, सहा हजार झाले. "थोडं ॲडजस्ट करा ना, साहेब," तो म्हणाला. केलं नाही.

केटररला उरलेले एक्केचाळीस हजार सहाशे आणि वरचे सहा हजार, मिळून सत्तेचाळीस हजार सहाशे, रोख दिले. भाताच्या टेम्पोवाल्याला बाराशे. वहिनीने तांदळाचे पैसे घेतले नाहीत. दादाने टेम्पोंचं भाडं मागितलं, त्याला काही दिलं नाही.