लमझन्याची ज्वारी

इंग्रजी अमलात यजमान धारणीला जंगलखात्यात कारकून होते. तिथल्या बाजारात मी एका कोरकू तरुणाकडून मध घेत असे. तो लमझना होता, म्हणजे लग्नाआधी मुलीच्या बापाकडे काही वर्षं राबणारा होणारा जावई. मध विकून झाला की तो मणीवाल्यापुढे उभा राही, लाल माळ उचलून परत ठेवी. "लगन ठरलं का घेतो, बाई," म्हणे.

एका बाजारी त्यानं माळेकडे पाहिलंच नाही. मुलगी दुसऱ्याबरोबर निघून गेली होती. तरी तिच्या म्हाताऱ्या बापाचं बाजाराचं ओझं त्याच्याच डोक्यावर होतं.

"मंग त्या बुढ्याचं ओझं अजून काहून वाहून राहिला रे?" मी म्हटलं.

"ज्वारी म्या पेरली, बाई. पोरगी गेली, हे ज्वारीले काय मालूम? कापून देतो, मंग जातो."

आमच्या हिवरखेडच्या शेतावर असाच माणूस हवा होता. सुगी होऊ दे, मग विचारू, असं मी ठरवलं.

सुगीनंतर ओझं घेऊन म्हातारा स्वतःच आला. ज्वारी चांगली झाली म्हणाला.

"अन् तो कुठं गेला?"

"म्या नाही इचारलं," म्हातारा म्हणाला.

मीही वेळेवर कुठं विचारलं होतं?