शेवंडीचं हेड ऑफिस, हिमायतनगर

समुद्र एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आणि तुम्ही हैदराबादेत बसून समुद्रातला माल विकताय, असं असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते टेबलावरच्या फायलींसारखे आपोआप साठत जातात. मित्रांच्या बैठकीत एक सांगितला की दुसरा त्याच्या मागोमाग येतो, म्हणून आज ओळीनेच सांगून टाकतो.

उदारीकरणाचे सुरुवातीचे दिवस होते. जो तो एक्स्पोर्टला निघाला होता. कुणी लोणची, कुणी ग्रॅनाइट. आमच्या रेड्डी साहेबांनी शेवंड निवडली. शेवंड म्हणजे खडकाळ समुद्रात राहणारी, पाठीवर काटे आणि हातभर मिशा असलेली, कोळंबीची थोरली नातलग. विशाखापट्टणमच्या पुढच्या एका कोळ्यांच्या गावातून ती जिवंत यायची, आमच्या शेडमधल्या टाकीत दोन दिवस विसावा घ्यायची आणि मग विमानाने सिंगापूरला जायची. साहेबांचं घर हिमायतनगरला, म्हणून ऑफिस हिमायतनगरला. दुसरं काही कारण नव्हतं.

मी शिंदे. मूळचे आम्ही नांदेडकडचे, पण तीन पिढ्या चिक्कडपल्लीत. माझ्याकडे पॅकिंग आणि डिस्पॅच.

*

शेवंडीला खारं पाणी लागतं. ते टँकरने यायचं.

पहिला टँकर आला तो ऐन उन्हाळ्यात. गल्लीत चार दिवस नळाला पाणी नव्हतं. टँकर वळताना दिसला आणि आम्ही पाइप जोडेपर्यंत तीस-चाळीस घागरी रांगेत! मी ओरडून सांगत होतो, "हे प्यायचं नाही, समुद्राचं आहे!" कुणी ऐकेना. एक आजोबा म्हणाले, "सगळे टँकरवाले असंच म्हणतात."

शेवटी साहेबच म्हणाले, "भरू द्या."

तासाभराने समोरच्या पद्माक्का तावातावाने आल्या. मला वाटलं, आता भांडण. त्या म्हणाल्या, "डाळीत मीठ जास्त झालं. पुढच्या वेळी जरा कमी घालून पाठवा!"

*

विमान कंपनीच्या माणसाने सांगितलं, जिवंत जनावर आहे, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. सरकारी पशुवैद्य आले. आयुष्य म्हशींमध्ये गेलेलं. फॉर्मही म्हशींचाच होता.

त्यांनी चष्मा पुसला, शेवंड उलटीसुलटी केली आणि एकही रकाना रिकामा ठेवला नाही. पाय : दहा, सर्व चालू. शिंगे : दोन, लवचीक. दूध : देत नाही. स्वभाव : अबोल.

शेवटचा रकाना होता, 'मारकी आहे काय?' तेवढ्यात शेवंडीने शेपटीचा फटका मारून त्यांचं पेन उडवलं. डॉक्टरांनी पेन शोधून आणलं आणि 'होय' लिहिलं.

सर्टिफिकेट पहिल्या फेरीत पास झालं.

*

आमचा ड्रायव्हर ख्वाजाभाई. बेगमपेटच्या विमानतळावर माल पोचवणं त्याचं काम.

एकदा नारायणगुड्याला ट्रॅफिक तुंबला. मागचा एक खोका फुटला आणि एक चांगली दणकट शेवंड लाकडाचा भुसा झटकत पुढे येऊन डॅशबोर्डवर बसली. काचेतून मिशा हलवायला लागली. ट्रॅफिक पोलीस धावत आला. त्याने एकदा ख्वाजाभाईकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"लायसन निकालो!"

ख्वाजाभाई शांतपणे म्हणाला, "मेरा कि इसका, साब? इसका तो अब दिल्लीवालों ने उठा दिया ना!"

पोलिसाने हसू दाबत गाडीला वाट करून दिली. ख्वाजाभाईने ऑफिसात येऊन सांगितलं, "नयी पॉलिसी अच्छी है साब."

*

आता बापटबाई. डॉ. उषा बापट, मूळच्या रत्नागिरीच्या. पीएच.डी. शेवंडीवर. यजमान रेल्वेत, त्यांची बदली झाली म्हणून तारनाक्याला आल्या आणि समुद्र नसलेल्या गावात त्यांना नोकरी देणारे एकटे रेड्डी साहेब निघाले.

बाई पक्क्या शाकाहारी. ख्वाजाभाईने एकदा विचारलं, "मॅडम, टेस्ट कैसा रहता इसका?"

बाई म्हणाल्या, "माझा विषय प्रजनन आहे. पुढचं खातं वेगळं."

त्यांचे दोन नियम होते. पितळी पट्टीत मापून लहान भरली ती परत. पोटाखाली अंडी असली ती परत. परत म्हणजे थेट समुद्रात, म्हणून हे तपासायला त्या महिन्यातून दोनदा किनाऱ्यावर जायच्या.

तिथला आमचा मुकादम अप्पण्णा. अंडीवाली परत जाते हे कळल्यावर त्याने ब्रश घेतला आणि अंडी घासून काढायला सुरुवात केली. बाईंनी भिंग लावून एकेक शेवंड बघितली आणि अकरा बाजूला काढल्या.

"अप्पण्णा," त्या म्हणाल्या, "बाळंतपण ब्रशने होत नाही."

*

सिंगापूरचे मिस्टर लिम ऑफिसात आले. त्यांना लहान शेवंडी हव्या होत्या. एका ताटात एक मावेल एवढ्या. ऑर्डर दुप्पट करतो म्हणाले. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "मॅडम, पट्टी थोडी खाली घ्या."

बाईंनी वाद घातला नाही. एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि कागद साहेबांपुढे ठेवला. 'या शेवंडी एकदाही व्यालेल्या नाहीत, हे मला माहीत आहे. तरी पकडाव्यात.' खाली सहीसाठी जागा सोडली होती.

साहेबांनी पेन काढलं. टोपण काढलं. पंखा फिरत होता, मिस्टर लिम हसत होते, माझ्या हातातला चहाचा ट्रे जड झाला होता. मग साहेबांनी टोपण परत लावलं.

"सॉरी, मिस्टर लिम," ते म्हणाले. "आमची पट्टी पितळेची आहे. लहान होत नाही."

लिम गेले, ते पुढचे दोन महिने फोनसुद्धा आला नाही. शेडमधल्या अर्ध्या टाक्या कोरड्या पडल्या. साहेब रोज दुपारी येऊन रिकाम्या टाकीत डोकावायचे आणि परत जायचे. बाईंनी टाइप करून दिलेला राजीनामा मी साहेबांकडे न नेता माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. मग तिसऱ्या महिन्यात लिमसाहेबांचा फॅक्स आला. मोठ्या पाठवा.

राजीनामा मी फाडला. बाईंनी तो परत मागितलाही नाही.

*

शेवटचा.

पकड वर्षागणिक कमी होत चालली होती. गावानेच मनावर घेतल्याशिवाय अंडीवाल्या वाचणार नव्हत्या. साहेबांनी अप्पण्णाला आणि गावातल्या चार म्हाताऱ्यांना रेल्वेने हैदराबादला बोलावलं. ऑफिसात सतरंजी घातली, इराणी चहा मागवला. बाई पंधरा दिवस तेलुगू घोकत होत्या. म्हणाल्या, दुभाषा नको, माझं मीच बोलणार.

तेलुगूत अंडी म्हणजे गुड्लु. आणि गुडि म्हणजे देऊळ. बाई उभ्या राहिल्या आणि हात जोडून, अगदी कळकळीने म्हणाल्या, "तुमच्या जाळ्यात जी शेवंड पोटाखाली देऊळ घेऊन येते, तिला समुद्रात परत पाठवा. ते देऊळ मोडलं तर तुमच्या नातवंडांना समुद्रात काही मिळणार नाही."

साहेबांनी डोळे मिटले. मी कपबशीकडे बघत राहिलो. म्हातारे एकमेकांकडे बघत होते. मग सगळ्यांत थोरल्याने हात जोडले आणि उरलेल्यांनीही जोडले.

ते स्टेशनकडे गेल्यावर साहेबांनी बाईंना चूक सांगितली. बाई खुर्चीत बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

त्या मोसमात अंडीवाली एकही शेवंड आली नाही. गावात जाळ्यात सापडली की बायका तिला हळदकुंकू लावून समुद्रात सोडतात, असं कळलं. दोन वर्षांनी पकड वाढली.

बाईंना मात्र ते डाचत होतं. अप्पण्णा कामासाठी हैदराबादला आला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवलं. आता त्यांची तेलुगू बरी झाली होती.

"अप्पण्णा, त्या दिवशी मी चुकले. मला देऊळ म्हणायचं नव्हतं. अंडी म्हणायचं होतं."

अप्पण्णाने बशीतला चहा संपवला.

"तेलुसु, अम्मा. माहीत आहे. आम्ही तिथेच ओळखलं होतं. पण म्हाताऱ्यांनी ट्रेनमध्ये ठरवलं, गावात तुमचाच शब्द सांगायचा."